दाराखालचं बटण

रेडिओ-अँप्लिफायर दुरुस्त करणारे रेडिओकाका तोंडाने तिखट, पण हाताला गुण मोठा. म्हाताऱ्या गिटारवाल्याच्या अँप्लिफायरचं, आवाज कडक-मऊ करणारं, पायाने दाबायचं बटण हरवलं होतं आणि कंपनीने ते बनवणं कधीच बंद केलं होतं.

"वस्तू सांभाळायला नकोत!" काका करवादले आणि तीन दिवस खपून त्यांनी पत्र्याच्या डबीत नवं बटण बसवलं.

ते बघून काकू म्हणाल्या, "अहो, ते गिटारवालेच मागे जुनं बटण तुमच्याकडे दुरुस्तीला टाकून गेले होते ना? दार आपटू नये म्हणून आपण खाली लावलंय, ते काय आहे मग?"

काखेत कळसा! काकांनी ते जुनं बटण पुसून, दुरुस्त करून परत दिलं.

आता दाराखाली नवं बटण आहे. गिऱ्हाइकावर ओरडायची वेळ आली की काका आधी त्यावर पाय ठेवतात.