ब्रेक, ब्रोक आणि आमची कानबाई

चहा घ्या, गार होऊ देऊ नका. आज लाज माझी जायची आहे, त्यात तुमचा चहा कशाला जावा?

तर मी इंग्रजी घेऊन एम. ए. झालो आणि नंदुरबारचं कॉलेज सोडून थेट रनाळ्याला घरी आलो, ते क्रांती करायलाच. नोकरीचं बघू नंतर. आधी गल्लीतल्या सुनांना इंग्रजी शिकवायचं, आणि तेही फुकट! वेळ ठरली, फळा आला, चटया आल्या. जागा तेवढी नव्हती. जागा म्हणजे आबांचा ओटा.

आबा हे माझे मोठे काका आणि आमच्या सगळ्या भाऊबंदांचे कारभारी. मिरची कधी विकायची इथपासून कुणाची पोरगी कुठे द्यायची इथपर्यंत शेवटचा शब्द त्यांचा. स्त्री, शिक्षण आणि समाज यांवरचं माझं भाषण त्यांनी डोळे मिटून ऐकलं. झोपले की काय, अशी शंका यायला लागली तेव्हा डोळे न उघडताच म्हणाले, "शिकाड. पन घरनी रीत मोडनी, ते क्लास बंद."

एवढीच अट. मी मनातल्या मनात हसलो. मला रीत मोडायला वेळ कुठे होता?

आता माझी पद्धत ऐका, कारण सगळा घोळ तिच्यातच आहे. एका वेळी एकच क्रियापद घ्यायचं आणि उसासारखं पिळून काढायचं. नुसतं पाठ करायचं नाही; हाताने करायचं, तोंडाने बोलायचं. आणि क्लासात मराठी बंद, अहिराणी तर त्याहून बंद. तहान लागली तरी पाणी इंग्रजीत मागायचं, आणि तेही पूर्ण वाक्यात. "फुल सेंटन्स!" असं मी दर दोन मिनिटांनी ओरडायचो. माझी चुलतवहिनी ज्योती ही क्लासातली सगळ्यात हुशार. पण तीसुद्धा पहिले काही दिवस तहानलेलीच घरात जायची.

क्रियापद निवडलं ब्रेक. का? अहो, विचार करा. आपल्याकडे काच फुटते, दोरी तुटते, काडी मोडते. देठ खुडतात, उपास सोडतात आणि ठरलेलं लग्न मोडतं. इंग्रजांना एवढा विचार करायला सवडच नाही. सगळ्याला ब्रेक. विक्रम मोडला तरी ब्रेक, शब्द फिरवला तरी ब्रेक. विसरवाडीच्या चौफुलीवर गाडी बंद पडली तर ब्रेक डाऊन. वाईट बातमी सांगायची तर ब्रेक द न्यूज. आणि अनोळखी माणसाशी पहिल्यांदा बोलायचं तर म्हणे बर्फ ब्रेक करायचा. रनाळ्यात बर्फ फक्त रसवंतीवर मिळतो, त्यामुळे हा मुद्दा कुणाला पटला नाही. पण वही मात्र सगळ्यांनी भरली.

आबांची बायको, म्हणजे माझी मोठी माय, दारात बसून गहू निवडता निवडता हे सगळं ऐकायची. एक दिवस तिने विचारलं, देवापुढे आपण नारळ फोडला असं म्हणत नाही, वाढवला म्हणतो. बांगडीही वाढते. "मंग नारय वाढवाले काय म्हंतस इंग्रजीमा?"

मी हसलो. चांगला मोठ्याने हसलो. म्हटलं, "मोठी माय, इंग्रजीमा आसं लाडंगोडं काही नही. ब्रेक म्हंजे ब्रेक."

सुपातला एक खडा उचलून तिने बाहेर टाकला.

आता कानबाईचं सांगतो. श्रावणात नागपंचमी झाली की पुढच्या रविवारी आमच्या खानदेशात कानबाई बसते. नारळाचीच देवी करतात. तिला डोळे लावायचे, नथ घालायची, साडी नेसवायची, चौरंगावर बसवायची. सुरतेला गेलेले भाऊबंद त्या दिवशी गावी परततात, आणि देवीचे रोट, म्हणजे प्रसादाच्या जाड पोळ्या, घरच्यांनीच खायचे, परक्याला द्यायचे नाहीत. सोमवारी विसर्जनात नारळ नुसता पाण्यात बुडवून परत आणतात; आमच्या घरचा तर थेट पणजीच्या वेळचा, असं सगळे सांगत. वर्षभर तो लाल कपड्यात बांधून पेटीत असे आणि बसवायच्या आदल्या दिवशी बाहेर निघे.

मी कानबाई पाहिली नव्हती का? पाहिली होती की! पण नटलेली. मी शाळेपासून हॉस्टेलवर, यायचो तो थेट जेवायला. नथ, डोळे आणि साडी नसलेली देवी माझ्या पाहण्यात कधी आलीच नव्हती.

कानबाईच्या आदल्या दिवशी, शनिवारी, क्लास भरला. मोठी माय रोटांचे गहू घेऊन गिरणीवर गेलेली. मी तुरीची काडी मोडून दाखवली, खापर फोडलं, भाकरी तोडली. "आय ब्रेक, आय ब्रोक, आय हॅव ब्रोकन!" सगळ्याजणी म्हणत होत्या, पण जरा मिळमिळीत. मला वाटलं, काहीतरी दणकेबाज हवं, आवाज झाला पाहिजे.

आत गेलो. देवघरासमोर तांब्याच्या ताटात एक नारळ होता. शेंडी नाही, काळपट, हातांनी गुळगुळीत झालेला. हलवला तर आत खुडखुड. मी म्हटलं, कुठल्या तरी जुन्या पूजेचा असेल, खोबरंसुद्धा खवट झालं असणार. घेतला. खलातला बत्ताही घेतला आणि ओट्यावर आलो.

ज्योती वहिनी ताडकन उभी राहिली. "सर, नो."

मला काय आनंद झाला! विद्यार्थिनी आपणहून इंग्रजीत बोलली होती. मी म्हटलं, "फुल सेंटन्स."

"सर... प्लीज... दिस..."

"येस? दिस इज?"

वहिनीने ओठ चावला, वर पाहिलं, हात जोडले आणि म्हणाली, "दिस इज अवर मदर."

"व्हेरी गुड! पण मदर नाही, कोकोनट," मी प्रेमाने दुरुस्त केलं आणि बत्ता हाणला.

एका घावात दोन तुकडे. बत्ता उंचावून मी म्हणालो, "आय हॅव ब्रोकन! रिपीट!"

कुणी रिपीट केलं नाही. एक बाई पदर तोंडाला लावून बसली, दुसरीने डोळे मिटले. मला वाटलं, पद्धतीचा परिणाम! मग वहिनी हळूच अहिराणीत म्हणाली, "भाऊ, ती आपली कानबाई व्हती."

सांगा, आता काय करायचं? उद्या सगळे भाऊबंद येणार. आबांची अट तुम्हाला आठवतेय ना? मला तर तेवढीच आठवत होती. रीत कसली, मी देवीच मोडली होती. माझा क्लास, फळा, क्रांती, सगळं त्या दोन करवंट्यांत.

क्लास सुटला. मी पळत किराणा दुकानात गेलो आणि थेंबभर लावला तरी लोखंड चिकटतं तो गोंद आणला. दोन्ही करवंट्या जुळवल्या आणि घट्ट दाबून धरल्या. गोंद अगदी सांगितल्याप्रमाणे चिकटला. करवंटीला करवंटी नाही, करवंटीला मी! उजव्या हाताची बोटं देवीला घट्ट, आणि देवीचा दुसरा अर्धा भाग जमिनीवर डोलतोय.

तेवढ्यात मोठी माय पिठाचा डबा घेऊन दारात.

"हाई काय शे तुन्हा हातमा?"

आठवडाभर मी ब्रेक द न्यूज शिकवत होतो. पण प्रत्यक्ष बातमी फोडायची वेळ आली तेव्हा मला इंग्रजी, मराठी, अहिराणी, एकही भाषा आठवेना. मी नुसता हात पुढे केला.

ती खाली बसली. माझा हात उलटसुलट करून तिने करवंटी पाहिली. मग तेल कोमट करून आणलं आणि माझं एकेक बोट सोडवायला लागली. "इतला शिकना," ती म्हणाली, "पन देवीले वयखता नही ऊनं." खरंच होतं, एम. ए. झालो आणि घरची देवी ओळखता आली नाही. मी देवीची माफी मागितली, तिची मागितली. आबांच्या पाया पडून सगळं सांगतो म्हणालो, कारण मी तत्त्वाचा माणूस. तिने माझं बोट जरा जोरातच ओढलं.

"आबाले सांगू नको. सांगं ते तुन्हा क्लास बंद." मग दाराकडे बघून आवाज खाली आणला. "तुन्ही आजीना हातथून बी पडेल व्हती. तिनी बी सासराले सांगं नही. हाई बी मूळनी नही."

म्हणजे पणजीच्या वेळचा नारळ पणजीच्या वेळचा नव्हताच! घरातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या गप्प होत्या. माझं तत्त्वही गप्प बसलं. काय करता, क्लासचा प्रश्न होता.

करवंट्या लाल कपड्यात बांधल्या, सोमवारच्या विसर्जनात गुपचूप सोडायचं ठरलं. नवीन नारळाला हळद, तेल, राख लावून वहिनीने असा काही जुना केला की मीच हात जोडले. रविवारी कानबाई बसली. नथ, डोळे, हिरवी साडी. आबांनी आरती केली. कुणाला काही कळलं नाही. मी देवीकडे पाहत होतो, देवी माझ्याकडे. तीसुद्धा कुणाला सांगणार नाही, असं वाटत होतं.

मग रोट खायला सगळे पंगतीला बसले. सुरतेचे नाना, म्हणजे आबांचे धाकटे भाऊ, वाढणाऱ्या ज्योती वहिनीला म्हणाले, "ज्योती, तू इंग्रजी शिकी ऱ्हायनी म्हंतस. बोल ना काही, आमले बी आयकू दे."

पंगतीत इंग्रजी येणारा माझ्याशिवाय कुणी नव्हता. वहिनीने हातातलं भांडं खाली ठेवलं, पदर सावरला आणि माझ्याकडे बघून खणखणीत आवाजात म्हणाली,

"सर ब्रोक अवर मदर, अँड वी मेड अ न्यू मदर."

फुल सेंटन्स. काळ बरोबर, क्रियापद बरोबर, एक चूक नाही. पंगतीने टाळ्या वाजवल्या. आणि काय सांगू, त्या क्षणी भीतीच्या आधी मला अभिमान वाटला!

आबाही खूश दिसले. माझ्याकडे वळून म्हणाले, "काय बोलनी ती?"

मोठी माय भाजीकडे बघत होती. मी म्हटलं, "सरनी आमले भलतं चांगलं शिकाडं, आसं म्हननी."

आबांनी रोटाचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला, सावकाश खाल्ला. मग म्हणाले, "मंग ब्रोक म्हंजे शिकाडं का रे?"

मी रोटाचा मोठा तुकडा तोंडात कोंबला.

"रोज तू वट्टावर बोंबलस, मी भिंतनामांगे बठेल ऱ्हास, काल बी व्हतू. ब्रेक, ब्रोक, ब्रोकन. मन्ही म्हैसले बी पाठ व्हई गयं."

पंगत थांबली. मोठी मायच्या हातातली पळी थांबली. मी पानावरून उठलो आणि म्हटलं, आबा, रीत माझ्याकडून मोडली, क्लास आजपासून बंद.

"बठ," आबा म्हणाले. त्यांनी एकवार चौरंगाकडे पाहिलं, एकवार मोठी मायकडे. "रीत कोठे मोडनी? देवी फुटनी का गपचूप बदली टाकानी, हाई ते आपला घरनी रीतच शे. मन्ही मायनी तेच करेल व्हतं." मोठी मायचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. "क्लास बंद व्हवाव नही. मास्तर बदलसूत."

तेव्हापासून क्लास ज्योती वहिनी घेते. अहिराणी चालते, पाणी मिळतं, आणि बायका पूर्वीपेक्षा जास्त येतात. चटया मी अंथरतो, फळा मी पुसतो. परवा मला वाटलं, आपणही काही शिकवावं. विचारलं, "वहिनी, मी आत जाऊन खडू आणू का?"

सगळा क्लास एका सुरात म्हणाला, "सर, नो!"

आणि या वेळी मी फुल सेंटन्स मागितलं नाही.