तांदूळ निवडायला जाऊ?

शिक्षक दिनाला भोरमध्ये माझा सत्कार झाला. सूत्रसंचालक म्हणाले, "मुलांच्या मनाचा असा विचार करणारा मुख्याध्यापक दोन तालुक्यांत दुसरा नाही." मी उठलो, शाल पांघरून घेतली आणि दहा मिनिटं बोललो. त्या दहा मिनिटांत एका बाईचा उल्लेख करायला हवा होता, तो केला नाही. आता सत्तरी जवळ आली आहे. खरं काय झालं ते लिहून ठेवतो, आणि आनंदानं लिहितो, कारण झालं ते फार चांगलं होतं. फक्त ते मी केलेलं नव्हतं.

वेल्ह्याच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याला आमची माध्यमिक शाळा. नववीत वरच्या धनगर वस्तीवरची एक मुलगी होती. सव्वा तास चालत यायची, तरी पहिल्या घंटेला हजर. त्या वर्षी श्रावणात तिची आई गेली. दिवसकार्य आटोपून ती परत वर्गात बसली. कुणी काही विचारलं नाही. मीही नाही. दिवाळीनंतर तिचा गृहपाठ थांबला, मग मैत्रिणींशी बोलणं थांबलं. एका सकाळी परिपाठात प्रार्थना चालू असताना तिचे ओठ मिटलेले दिसले.

"काय गं, तोंडाला कुलूप लावलंय?"

"सर, मला कटाळा आलाय."

मी तिला पुढं बोलावलं. "कटाळा नाही, कंटाळा म्हणावं," असा शब्द आधी सुधारला. मग सगळ्या शाळेला म्हणालो, "ऐका रे! आईसाहेबांना सकाळी दहालाच कंटाळा आलाय. वाजवा टाळ्या!" पोरं हसली, शिक्षक हसले, टाळ्याही वाजल्या. ती मान खाली घालून उभी होती.

दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. तीन आठवड्यांनी मी तिचं नाव सतत गैरहजर विद्यार्थ्यांच्या यादीत घालत होतो, तेवढ्यात खिचडी शिजवणाऱ्या मावशी ऑफिसच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. हात अजून हळदीचे.

"सर, ती पोरगी काय म्हन्ली हुती तुमाला?"

"कंटाळा आलाय म्हणाली. आळस, दुसरं काय!"

"आळस?" मावशी आतच आल्या. "तुमी कुठलं वो?"

"सारोळ्याकडचा."

"मंग तुमच्या घरी कटाळा म्हंजी आळस व्हता व्हय? माझ्या जावंला आला हुता कटाळा. लेकराला दूध पाजंना, चुलीकडं बगंना. येक दिस म्हायेरी जाते म्हनून निघाली ती घाटाच्या वाटंला. मानसं धावली म्हनून आज हाये. ह्यो जिवाचा कटाळा, सर. त्येला टाळ्या वाजवत न्हाईत."

शब्द माझ्याच घरचा होता. माझी आई शेवटच्या वर्षात भिंतीकडं तोंड करून हेच म्हणायची. शिकता शिकता मी तिची बोली टाकली, आणि बोलीबरोबर त्या शब्दाचा अर्थही.

त्याच दुपारी आम्ही दोघं वस्तीवर गेलो. मला चढ झेपत नव्हता. मावशी दर वळणावर थांबून म्हणायच्या, "या, या, आमची पोरं रोज येत्यात." मुलगी शेळ्यांच्या वाड्याच्या कुडाला टेकून बसलेली, समोर शेरडं. वडील म्हणाले, "गुरुजी, ती जेवत बी न्हाई. म्या काय करू?"

"माझं चुकलं, पोरी," मी म्हणालो.

तिनं पहिल्यांदाच वर पाहिलं. "हसवलं समद्यांम्होरं. मंग सांगा बी समद्यांम्होरं."

तीन दिवसांनी वडील तिला घेऊन आले. मी परिपाठात उभा राहिलो आणि म्हणालो, "मध्यंतरी थोडा गैरसमज झाला होता." एवढंच. ती वळली आणि फाटकाबाहेर चालू लागली. मावशी माझ्याजवळून तिच्यामागं धावल्या, जाता जाता पुटपुटल्या, "येवढी शाळा शिकून येक वाक्य येईना!"

दुसऱ्या दिवशी मावशींनी तिला पुन्हा आणलं, कसं ते त्यांनाच माहीत. त्या दिवशी मी नीट बोललो. हिची आई गेली तेव्हा मी विचारपूस केली नाही, हिनं मला दुखणं सांगितलं आणि मी त्याची चेष्टा केली, चूक माझी, तुम्ही हसलात तेही माझ्यामुळं. ती आपल्या रांगेत जाऊन उभी राहिली.

पुढचं सगळं मावशींचं. वर्गात जीव रमेनासा झाला की ती खिचडीच्या शेडमध्ये जाऊन त्यांच्यासोबत तांदूळ निवडायची. मावशी काही विचारत नसत. "हात गुतलं की त्वांड आपसूक सुटतं," एवढंच त्यांचं शास्त्र. महिन्याभरात आणखी दोघी जाऊ लागल्या. मग दहावीचा कबड्डीतला दांडगा गडीही माझ्यासमोर येऊन म्हणाला, "सर, तांदूळ निवडायला जाऊ?" शाळेत त्याचा अर्थ सगळ्यांना कळला होता. कुणी हसलं नाही. आपल्याला झेपणार नाही असं काही ऐकलं की मावशी मला सांगायच्या, आणि आम्ही त्या मुलाला भोरच्या सरकारी दवाखान्यात समुपदेशक बाईंकडं नेत असू. त्या मुलीलाही नेलं, पाच-सहा वेळा. वहीच्या कडेला ती शेरडांची चित्रं काढू लागली तेव्हा मावशी मला म्हणाल्या, "आता हाय ती जाग्यावर." तालुक्याला पाठवलेल्या अहवालात मात्र मी या सगळ्याला 'मनमोकळा कट्टा' असं नाव दिलं आणि खाली सही केली माझी एकट्याची.

पुढच्या वर्षी ती दहावीला बसली. निकालाच्या दिवशी शाळेत रेंज नव्हती. क्लार्क मोबाईल घेऊन टेकाडावर चढला, मागं अख्खा वर्ग, त्यांच्या मागं मावशी. मी खालीच थांबलो. वरून आधी नुसता गलका ऐकू आला, मग मावशींचा आवाज, "फस्ट क्लास! आरं, फस्ट क्लास!" मुलगी उतारावरून पळत आली ती रडतच, आणि हसतही.

चौथ्या दिवशी तिचे वडील गुलाबी फेटा घेऊन शाळेत आले. शिक्षक, पोरं, गावातली चार माणसं जमली. क्लार्कनं माझी खुर्ची पुढं ओढली. मी बसलो, चष्मा काढून खिशात ठेवला आणि मान जरा झुकवलीही. वडील माझ्यापाशी आले, हात जोडून म्हणाले, "गुरुजी, जरा बाजूला व्हता का?" आणि थेट शेडकडं गेले.

मावशी पातेलं घासत होत्या. "आवं, बायामानसाला कुटं फेटा बांधत्यात!" त्या ओरडल्या.

"आमच्यात बांधत्यात. आजपास्नं," वडील म्हणाले.

मुलीनं फेट्याचं एक टोक धरलं, वडिलांनी पीळ दिला. राखेचे हात हवेत धरून मावशी उभ्या होत्या आणि पोरांनी असा जल्लोष केला की खालच्या रस्त्यानं चाललेली एसटी थांबली, ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढून विचारलं, "कोण निवडून आलं रं?"

मी खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवत होतो.