नवऱ्याच्या पाठीच्या गोळ्या

ऐंशी साल उजाडायच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट. कारखान्यात पोती उचलताना नवऱ्याच्या पाठीत उसण भरली, तेव्हा कर्जतच्या डॉक्टरांनी आखडलेले स्नायू सैल करायच्या गोळ्या लिहून दिल्या. झोप येईल, सायकल चालवायची नाही आणि दारूला शिवायचं नाही, असं दोनदा बजावलं. तीन दिवसांत पाठ मोकळी झाली. उरलेल्या गोळ्या सासूबाईंनी डब्यात ठेवल्या. औषध टाकून द्यायचं त्यांच्या जिवावर यायचं.

मग भाताची लावणी आली. आमच्या कडाव गावाकडे लावणीला आज माझ्या शेतात तू, उद्या तुझ्या शेतात मी. त्यात ओली बाळंतीण म्हणून कोण सोडतंय! माझी थोरली तेव्हा तीन महिन्यांची होती. दिवसभर वाकून रोपं लावली आणि संध्याकाळी मला सरळ होता येईना. माझं कण्हणं ऐकून सासूबाईंनी डबा काढला.

"तू काय सायकल चालवतेस? का दारू पितेस? मग तुला काय व्हतंय गं!"

मला हसूच आलं. म्हटलं, खरंच की. गोळी घेतली आणि मेल्यासारखी झोपले.

दुसऱ्या दिवशी बांधावरच्या झोळीत पोर दुपारभर गप्प. बाया म्हणाल्या, नशीब काढलंस, गुणाची हाय. मी मेली फुशारून गेले. रात्री पुन्हा गोळी. तिसऱ्या दिवशी पाजायला घेतली, तर दोन घोट ओढून तिचं तोंड सुटलं, मान घरंगळली. मला रात्रीच्या गोळ्या आठवल्या. आई खाते ते दुधातून उतरतं, हे मला माहीत नव्हतं थोडंच? त्याचपायी तर बाळंतपणात मला वांगं खाऊ दिलं नव्हतं! पण अजून दोन खाचरं लावायची होती आणि कंबर ठणकत होती. त्या रात्री मी तिसरी गोळी घेतली.

सकाळी पोर उठेचना. तळव्यांवर टिचक्या मारल्या, तोंडावर पाणी शिंपडलं, तर डोळे अर्धवट उघडून पुन्हा मिटायची. मिळेल त्या टेंपोनं कर्जत गाठलं.

तिला तपासता तपासता डॉक्टरांनी मला विचारलं, तुम्हाला कसलं औषध चालू आहे? नवरा शेजारी उभा होता. मी घाबरून म्हटलं, "काहीच नाही."

"तीन गोळ्या खाल्ल्यात तिनं," मागून सासूबाई म्हणाल्या. "ह्याच्या पाठीच्या. मीच दिल्या."

त्या गप्प बसल्या असत्या तर मीही गप्पच बसले असते. हे आजवर कुणाला बोलले नाही.

डॉक्टरांनी माझं दूध बंद केलं, पिळून मोरीत टाकायला लावलं. वरचं दूध चमच्याचमच्यानं पाजत, पोरीला हलवत, आम्ही दोघी दवाखान्याच्या बाकावर बसून राहिलो. दिवस मावळताना ती बारीक आवाजात रडली.

पोर वाचली. पण पुढं वर्षभर ती जरा जास्त वेळ निजली, की आम्हा सासूसुनांपैकी कुणीतरी उठून तिला चिमटा काढायचं. ती कळवळून रडेपर्यंत.