हिंगणीचा संग्रह आणि आईची कुंकवाची डबी

हिंगणीला राहणाऱ्या एका नामवंत कादंबरीकारांचा जुन्या वस्तूंचा संग्रह बघायची माझी फार दिवसांची इच्छा होती. फोन केला तर म्हणाले, "रविवारी ये. माझा दगड तपासाले नागपूरचे जाणकार येऊन राह्यले." आईही निघाली. कुंकवाची डबी पिशवीत घेतली; डबीशिवाय ती दळण आणायलाही जात नाही.

आमच्या सिंदी मेघेहून स्कूटर काढली. तुम्ही गेलात तर सेलूला तर्री-पोहे खाऊनच पुढे जा. वीस-पंचवीस रुपयांत पोट भरतं आणि नाकाडोळ्यांतून पाणी येतं ते फुकट. हिंगणीहून बोर धरण जवळच आहे, पण आमचं ते राहूनच गेलं.

लेखकांच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. समया, घंटा, चित्रं, अडकित्ते, मूठ नसलेल्या तलवारी. त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, चहाचा ट्रे कुठे टेकवावा या विवंचनेत उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "आज यांचा दगड देवळाचा निघाला तं ठीक. नाई तं उद्या सगळं भंगारवाल्याले." लेखक हसले, पण त्यांना घाम फुटला होता.

हा दगड त्यांनी कधीकाळी एका बांधावरून उचलून आणलेला. त्यावरच्या रेषा म्हणजे प्राचीन शिल्प, असा त्यांचा ठाम दावा. त्या दिवशी तो धुऊनपुसून अंगणात कडुनिंबाखाली ठेवला होता. आत ते मला तासभर अडकित्ते दाखवत बसले. आई कंटाळून अंगणात गेली.

आम्ही बाहेर येऊन बघतो तर काय! दगडाला हळदीकुंकू, जास्वंद, उदबत्ती, समोर फुटलेला नारळ आणि शेजारच्या सात-आठ बाया हात जोडून उभ्या.

"ताई, हे काय करून ठेवलं!" लेखक ओरडले.

"काऊन ओरडून राह्यले, भाऊ?" आई म्हणाली. "देव आंघोळ करून निंबाखाली बसला, अन् साधं कुंकू नाई त्याले! मले पाहवलं नाई."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात जाणकार आले. त्यांनी चपला काढल्या, वाकून बघितलं, दगड जरा तिरका केला आणि हळूच म्हणाले, "सर, हा कपडे धुवायचा दगड आहे. रेषा घासून पडल्यात."

लेखक मटकन पायरीवर बसले. इतका मोठा माणूस, पण चेहरा एवढासा झाला. मला फार वाईट वाटलं. मी भीतभीत काकूंकडे बघितलं.

"कपड्याचा असो नाई तं कशाचा," एक शेजारीण म्हणाली, "नारळ फुटला नं आता! काकू, आरतीले समई आणा."

काकूंनी एकदा दगडाकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे. "बसले काय? आणा तुमची ती मोठी समई. अन् घंटाही आणा."

लेखक असे धावले की चष्मा दारातच पडला. समई पेटेपर्यंत ती कुठली, कुणाची, किती जुनी हे त्यांनी बायांना ऐकवलं आणि बायांनी ते मन लावून ऐकलं. आरती, प्रसाद, पुन्हा चहा. धरण तिथेच राहिलं.

घरी आल्यावर मला आठवडाभर एकच घोर होता, भंगारवाला आला की काय? शेवटी काकूंचाच फोन आला, आईसाठी.

"ताई, तुमच्याकडे जुनं तांब्याचं तामण असंल तं घेऊन येजा. एक आहे आमच्याकडे, पण जोडी पाहिजे."