कपाटातला फोन

जयमालाबाई सकाळी वर्तमानपत्र वाचतात तेव्हा गल्लीला रेडिओ लावावा लागत नाही. देवळाली प्रवराच्या बाजारपेठेमागे त्यांचं दोन खोल्यांचं घर आहे. त्या ओट्यावर खुर्ची टाकतात, आणि जे पटत नाही ते मोठ्यानं वाचून दाखवतात. पटत बहुतेक काहीच नाही. त्यातून तंत्रज्ञानाचं पान निघालं की त्यांचा आवाज चढतो.

"आता ऊस तोडायला कधी आला ते यंत्र सांगणार म्हणे. सांगू दे. तोडायला टोळी येत नाही, तेवढं त्या यंत्राला कळवा कुणीतरी."

त्याच पानाच्या खालच्या कोपऱ्यात कुणाला तरी फोनवरून गंडवल्याची बातमी असते, आणि तिच्या शेवटी ठरलेलं वाक्य: नागरिकांनी सतर्क राहावे. या वाक्यावर बाईंचा विशेष दात आहे. सतर्क म्हणजे नेमकं काय करायचं ते छापायला जागा उरत नाही, आणि शेजारीच नव्या फोनची जाहिरात अर्धं पान अडवून बसलेली असते.

लोक म्हणतात, म्हातारपणी चिडचिड वाढली. साफ खोटं. हा राग त्या नोकरीत असल्यापासूनचा आहे. नगरच्या कॉलेजातून बी.एस्सी. होऊन त्या इथल्या हायस्कुलात गणित शिकवायला लागल्या. पुढे कधीतरी शाळेला संगणक मिळाले. हेडमास्तरांनी नारळ फोडला, संगणकांना हळदकुंकू वाहिलं, वर खाकी कापडाच्या खोळी शिवून घातल्या आणि खोलीला कुलूप ठोकलं. मुलांनी चपला बाहेर काढायच्या, रांगेनं आत जायचं, हात मागे बांधून लांबून बघायचं आणि बाहेर यायचं. वेळापत्रकात या प्रकाराला 'प्रात्यक्षिक' असं नाव होतं.

"सर, हे शिकवायचं आहे का पुजायचं?" जयमालाबाईंनी भर स्टाफरूममध्ये विचारलं.

"बाई, बिघडलं तर जबाबदार कोण?"

"मी. आणा किल्ली."

किल्ली मिळाली ती फक्त शनिवारी शाळा सुटल्यावर. शनिवारी यायला पोरं तयार होती, कारण त्या खोलीत पंखा होता. पंख्यासाठी न येणारी एकच मुलगी होती, रेश्मा. ती खोळ काढायच्या आधी खुर्चीत बसलेली असायची. पुढे ती संगणकाचंच शिकली, गावातल्याच काकासाहेबांची सून झाली आणि त्याच शाळेत कंत्राटावर संगणक शिकवायला लागली. जयमालाबाई कुणाचं कौतुक करत नाहीत. रेश्माचा विषय निघाला तर एवढंच म्हणतात, "तिला येतं."

तर अशा या रेश्माच्या फेसबुकच्या खात्यात गेल्या दिवाळीनंतर कुणीतरी शिरलं. तिच्याच फोटोनिशी, तिच्याच नावानं घाणेरडे मेसेज सुटले. दिराला गेले, विद्यार्थ्यांच्या बापांना गेले, हेडमास्तरांनाही गेले. गावानं ते आधी चवीनं वाचले आणि मग तोंडाला पदर लावला. संगणकाच्या बाईचंच असं, म्हणून वर हसूनही घेतलं. आताचे हेडमास्तर म्हणाले, थोडे दिवस घरीच थांबा. नवरा टेम्पो घेऊन पुण्याच्या खेपा करतो; तो बापापुढे बोलत नाही. आणि काकासाहेबांनी घरच्या घरी निकाल दिला. सुनेचा फोन हातातून घेतला, बंद केला, लोखंडी कपाटात ठेवला आणि किल्ली करदोट्याला बांधली. फोन बंद, नोकरी बंद, विषय बंद.

रेश्मा मागच्या दारानं जयमालाबाईंकडे आली. रडून झालेलं दिसत होतं, त्यामुळे बाईंनी सांत्वनात वेळ घालवला नाही.

"पासवर्ड कुणाला दिला होतास?"

"कुणालाच नाही, बाई."

"कुठल्या लिंकवर बोट ठेवलंस?"

"मी ठेवीन का?"

"मग तो काय आभाळातून पडला? फेसबुकचं खातं ज्या ईमेलवर आहे, तो कधी उघडलेला?"

"बारावीनंतर. तुषार सरांच्या क्लासमध्ये."

"नंबर कुणाचा टाकलास त्यात?"

रेश्मा हळूच म्हणाली, "क्लासचा. वडिलांनी बजावलं होतं, पोरीचा नंबर कुठं द्यायचा नाही. सगळ्याच मुलींच्या घरी तसंच होतं. सरांनी सगळ्यांना क्लासचा नंबर टाकून दिला."

"आणि एवढ्या वर्षांत तो बदलावासा वाटला नाही? पोरांना काय शिकवतेस मग?"

"पुस्तकात फ्लॉपीचं चित्र आहे, बाई. ते शिकवते."

यावर बाईंनी चपला घातल्या.

तुषारचा क्लास बंद पडून जमाना झाला. आता तो मोबाईल विकतो आणि ऑनलाईन फॉर्म भरून देतो. बाई दुकानात शिरल्या तशी त्यानं गिऱ्हाईकाची खुर्ची पुसली. बाई बसल्या नाहीत.

"क्लासचा तो नंबर कुठंय?"

"आधी दुकानात तोच चालवला, मग सोडला, मॅडम. नवा घेतल्यावर दोन-दोन रिचार्ज कोण मारणार?"

"सोडलेला नंबर कंपनी दुसऱ्याला देते, हे माहीत आहे?"

"देतात की."

"आणि ज्याच्या हातात तो नंबर, तो पासवर्ड विसरलो म्हणायचा अवकाश, की कोड त्याच्याच फोनवर येतो आणि गावातल्या सगळ्या पोरींची खाती त्याला उघडी. हे कधी डोक्यात आलं?"

"मॅडम, तेव्हा हे कुणाला माहीत होतं?"

"बोर्डावर 'संगणकतज्ज्ञ' लिहिलं होतंस ना? तज्ज्ञाला माहीत असतं. अजून कुणाकुणाला चिकटवलास तो नंबर?"

तुषारनं काउंटरवरच्या काचेकडे बघत सांगितलं. ज्यांनी ज्यांनी त्याच्याकडून फोन घेतले, त्यातल्या बऱ्याच जणांना. लोकच म्हणायचे, आमचा नको, तुझाच टाक. काकासाहेबांनाही? हो, काकासाहेबांनाही.

दुसऱ्या दिवशी रेश्माला घेऊन बाई नगरला सायबर पोलिसांकडे गेल्या. तक्रार नोंदवली. समोरचा पोरगेला अधिकारी वागायला बरा होता. तो नंबर आता परराज्यात कुणीतरी वापरतंय, मोबाईल कंपनीला लिहू, म्हणाला. खातं लवकर परत हवं असेल तर रोजच्या फोनवरून प्रयत्न करा, फेसबुकवाले ओळखीच्या फोनवर जास्त विश्वास ठेवतात, हेही त्यानं सांगितलं. एवढं शहाणपणाचं बोलून त्यानं माती खाल्ली. "पण लेडीजनी असे फोटो टाकायचेच कशाला?"

"तुमच्या दारावर नावाची पाटी आहे," बाई म्हणाल्या. "उद्या घरफोडी झाली तर मी विचारू का, पाटी कशाला लावली?"

परत येताना दोघींना एकच प्रश्न होता. रोजचा फोन काकासाहेबांच्या कपाटात होता.

काकासाहेब अंगणात बाजेवर बसले होते. त्यांनी बाईंना खुर्ची दिली, चहा सांगितला आणि बाईंनी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "बाई, फोन बंद हाय. इषय संपला."

"संपला? काल संध्याकाळी सोसायटीच्या सचिवाला हिच्या नावानं काय गेलं, वाचून दाखवू?"

"कालच्याला?" काकासाहेबांचा हात नकळत करदोट्याकडे गेला. "आवो, पन फोन तर कपाटात हाय."

"फोन कपाटात, किल्ली तुमच्या कमरेला. मग लिहिलं कुणी? तुम्ही?"

आत गोजरबाईला, म्हणजे काकासाहेबांच्या बायकोला, ठसका लागला. तो चहाचा नव्हता.

"पासबुक ट्रंकेत ठेवलं म्हणून बँक बंद पडते का, काकासाहेब? खातं तिकडं कंपनीकडं आहे. चोर तिथं पाय पसरून बसलाय. त्याला हाकलायचं हत्यार तुम्ही कपाटात घालून ठेवलंत. त्याचीच सोय केलीत."

"ते ऱ्हाऊ द्या. बाईमानसाला हवाच कशाला त्यो फोन? आमचं न्हाई कुनी चोरत."

"बघू तुमचा."

काकासाहेबांनी ऐटीत फोन दिला. बाईंनी चष्मा खाली ओढला, दोन-चार ठिकाणी बोट दाबलं आणि फोन त्यांच्या नाकासमोर धरला. "तुमच्या खात्याला जोडलेला हा नंबर कुणाचा?"

"त्यो तुषारच्या दुकानाचा. मीच म्हनलो त्याला, माजा टाकू नको. लई फसवं फोन येत्यात."

"छान केलंत. तुषारनं तो सोडला. सुनेच्या खात्यात जो शिरला ना, त्याच्याच हातात आहे आता हा. त्याला अजून तुमची आठवण झाली नाही, एवढंच. झाली की तुमच्या नावानं पण जातील. कुणाकुणाचे नंबर आहेत यात? विहीणबाईंचा आहे?"

काकासाहेबांचा चहा बशीतच निवला. बशी बाजूला सारून ते म्हणाले, "मग काढा की त्यो नंबर, बाई."

"मला येत नाही," बाई धडधडीत खोटं बोलल्या आणि दारात उभ्या रेश्माकडे बोट केलं. "तिला येतं."

करदोट्याची गाठ पक्की होती. गोजरबाईनं बाहेर येऊन ती सोडली, कपाट स्वतः उघडलं आणि फोन सुनेच्या हातात दिला. रेश्मा बाजेच्या टोकाला बसली.

"माजं आधी बघ गं," काकासाहेब म्हणाले.

"रांगेत या," जयमालाबाई म्हणाल्या.

फेसबुकनं रेश्माला सतरा प्रश्न विचारले, दुसऱ्या दिवसापर्यंत ताटकळत ठेवलं, पण खातं परत दिलं. चोर कोण ते आजवर कळलेलं नाही. वर्तमानपत्रात त्याची चार ओळींची बातमी आली आणि शेवटी तेच वाक्य. काकासाहेब सुनेची माफी मागतील असं कुणाला वाटत असेल तर त्यांनी हे गाव पाहिलेलं नाही. मात्र त्यांनी पारावर स्वतःच सांगायला सुरुवात केली की सुनेचं खातं चोरीला गेलं होतं, आणि ते आपण पकडलं. सोमवारी तिला मोटारसायकलवरून शाळेच्या दारात सोडलं. हेडमास्तर मग काय बोलणार?

रेश्मानं त्या दिवशी फ्लॉपीचं पान उघडलंच नाही. मुलींना आपापली खाती उघडायला लावली आणि नंबर कुणाचा ते बघायला सांगितलं. कुणाचा चुलत्याचा, कुणाचा दुकानदाराचा, दोघींचा तर कुणाचा ते कुणालाच ठाऊक नाही. तिनं फळ्यावर लिहिलं: स्वतःचा, नाहीतर आईचा. उद्या बदलून दाखवायचा.

आमच्या पोरीचा नंबर कशाला मागता, म्हणून दुसऱ्या दिवशी बाप मंडळी यायला लागली. शाळेच्या फाटकात खुर्ची टाकलेली होती. जयमालाबाईंनी वर्तमानपत्राची घडी केली.

"काय तक्रार आहे ती इथंच सांगा," त्या म्हणाल्या. "आत ती शिकवतेय. आणि आधी तुमचा फोन काढा."