सोलापूरचे पाय, गुलमर्गचे बूट

गुलमर्गला जायचं ठरलं ते वाचनालयातल्या एका इंग्रजी मासिकामुळे. बर्फाच्या उंचवट्यावरून उडालेली एक बाई, पायांत स्की, आणि दोन्ही पाय हवेत असे फाकवलेले की मी बाकावरच ओरडले, "अगं, हे तर मला येतं!" मी तेव्हा सोलापुरात कॉलेजात होते आणि जिम्नॅस्टिक्सच्या स्पर्धांत लाकडी घोड्यावरून नेमकी तीच उडी मारायचे. फरक एवढाच, की बर्फ मी फक्त गोळेवाल्याच्या गाडीवर पाहिला होता.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. हिवाळ्यात गुलमर्गला नवशिक्यांसाठी स्कीइंगचं शिबिर असतं, हे आमच्या क्रीडाशिक्षकांनी सांगितलं. फी माफक होती आणि स्की-बूट तिथेच वापरायला मिळायचे. बाबांनी एकच अट घातली: आत्या सोबत येईल. आत्या म्हणजे त्यांची थोरली बहीण. ती अकलूजच्या शाळेत पीटी शिकवायची आणि नऊवारीवर कॅनव्हासचे बूट घालून मैदान गाजवायची. तिने लगेच रजा टाकली.

"पोरगी हातीपायी धड परत आण, अक्का," बाबा स्टेशनवर म्हणाले.

"आणती की. तू घरी नीट जा."

दौंड, मनमाड करत दिल्ली, तिथून जम्मू. पुढे श्रीनगरपर्यंत बसचा अख्खा दिवस, आणि बनिहाल घाटाच्या अलीकडे बर्फाने रस्ता बंद झाला तर आणखी एक. आमचा झालाच बंद. तिथल्या ढाब्यावर गरमागरम राजमा-भात आणि वर तुपाची धार मिळाली. आत्याने कडक भाकरी आणि शेंगाचटणी सगळ्या बसमध्ये वाटली, आणि ट्रक ड्रायव्हरांना तिच्या सोलापुरी हिंदीत दटावलं, "बरफ हैच तो क्या हुआ? फावडा नै क्या तुमारे पास?" जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा: खाण्याचं हाताशी ठेवा, टपावरच्या सामानात नको. पायथ्याच्या टंगमर्गपासून पुढे आम्ही चालत चढलो. देवदारांतून वर आलो आणि ते पांढरं मैदान समोर उघडलं. आत्या म्हणाली, "धुतलेलं धोतार वाळत घातल्यावानी दिसतंय."

बुटांची खोली म्हणजे लाकडी शेड. फळ्यांवर परदेशातून आलेले, कुणी कुणी वापरलेले बूट. जुने चामड्याचे, नाडीवाले, आणि नवे प्लास्टिकचे, बक्कलवाले. आमचे शिक्षक बशीरसर हसतमुख होते, पण घाईत. नवशिक्यांना ते मोकळेच बूट द्यायचे, म्हणजे दोन लोकरी मोजे मावतात आणि कुणी रडत नाही. मी लालभडक जोडी उचलली. पाय असा सुखात बसला, जणू घरच्या सपाताच.

दुसऱ्या दिवशी उतारावर कळलं. मी गुडघा डावीकडे न्यायचे, स्की सरळच जायची. माझी टाच बुटाच्या आत वर उचलली जायची आणि पाय नुसताच हलायचा. संध्याकाळपर्यंत मी इतकी पडले की आत्याने मोजणं सोडलं. शेवटच्या दिवशी छोट्या उंचवट्यावरून उडी होती, फ्रीस्टाइलची, म्हणजे स्कीवरच्या हवेतल्या कसरतींची, चुणूक म्हणून. ज्याला वळता आणि थांबता येतं त्यालाच ती मिळणार होती. बशीरसर म्हणाले, "तुम अगले साल कूदना."

पुढचं साल कुठून आणायचं? मी शांतपणे विचार केला. घोड्यावरून उडताना उसळी देणाऱ्या फळीचा प्रत्येक धक्का तळव्याला कळतो, म्हणून तर अंग ऐकतं. इथे तळव्याला काही कळतच नव्हतं. दोष माझ्या पायांचा नव्हता. मी सरांना म्हटलं, "सर, बूट बदलना है. छोटा चाहिए."

"तंग होगा, रोओगी."

"देखते हैं."

पुढच्या दिवशी दुपारभर मी शेडमध्ये बसून बूट चढवले-उतरवले. अनवाणी वाढलेला माझा पाय पुढे पसरट, तिकडचे साचे अरुंद. मी एक मोजा काढून टाकला. एक कडक जोडी घोट्याशी वाकेचना. उडी मारून उतरताना गुडघे वाकणार कसे? ती बाजूला. शेवटी विटक्या निळ्या बुटांची जोडी निघाली. ताठ उभी राहिले की बोटं पुढे टेकायची, गुडघे पुढे वाकवले की जराशी मागे सरायची. टाच जागची हलत नव्हती. चवड्यावरचं बक्कल सैल ठेवलं, घोट्यावरचं आवळलं. सुख मुळीच नव्हतं, पण पाय आणि बूट एक झाले होते. तुम्ही पहिल्यांदा जाणार असाल तर एवढं कराच. आरशात बघू नका, गुडघे वाकवून बघा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वळले. डावीकडे, मग उजवीकडे, आणि हवी तिथे थांबले. पुढचे दिवस मी रोज तेच करत राहिले. सरांनी काठी हवेत फिरवली. पण उडीचं म्हणाल तर त्यांनी आत्याकडे बोट दाखवलं. घरच्यांना शब्द तिने दिला होता.

शेवटच्या दिवशी आत्या बर्फातून माझ्यापाशी आली. वर शाल, खाली कुणाचे तरी गमबूट. "वाक," ती म्हणाली. मी वाकले. तिने बुटाच्या मागे हात लावला. "टाच उचलती का?"

"नाही."

"खरं सांग. तुज्या बाला मी काय सांगू?"

"आत्या, पडेन. पण कुठे पडतेय ते मला कळेल."

तिने घोट्यावरचं बक्कल ओढून पाहिलं. तिच्या ओठांवर थंडीने भेगा पडल्या होत्या. मग ती बाजूला झाली. "जा."

पहिल्या उडीला मी तोंडावर आपटले. तोंडभर बर्फ, आणि वरून आत्याचा आवाज, "उठ की!" दुसऱ्या वेळी उंचवटा पायाखाली आला, मी उसळले आणि पाय फाकवले. फार उंच नाही, आपल्या जेवणाच्या टेबलाएवढी असेन. पण खाली काहीच नव्हतं, आणि तो क्षण पुरेसा लांब होता. पाय जुळले, गुडघे वाकले, मी उभी. बशीरसरांनी टोपी उडवली. आत्या मटकन बर्फात बसली आणि पदराने डोळे पुसू लागली.

सोलापुरात उतरलो तेव्हा उन्हं तापू लागली होती. बाबांनी आधी माझे हात बघितले, मग पाय. "पडली का गं ही, अक्का?"

"पडली की," आत्या म्हणाली. "लई झ्याक पडली."

मी पुन्हा कधी स्कीइंग केलं नाही. नोकरी, संसार, मग शाळेत मुलींना जिम्नॅस्टिक्स शिकवणं. फोटोही नाही, कॅमेरा कुणाकडे होता? त्या निळ्या बुटांनी अंगठ्याचं नख काळं केलं होतं. उन्हाळ्यात ते गळून पडलं आणि नवं आलं ते जरा वाकडं. परवा नातीने विचारलं, "हे असं का?" मी तिला पलंगावरून उडी मारून दाखवायला निघाले होते, सुनेने वेळीच धरलं.