लाल हृदयातला काळा मणी

आईच्या फोटोसाठी झेंडूचा हार करताना त्या वासानं मला दुबई मरीनातल्या जुन्या घरी नेलं.

शेजारची मेक्सिकन रोझा आपल्या वारलेल्या आईच्या तसबिरीसाठी मण्यांचं येशूचं हृदय करत होती. समोर झेंडूच्या पाकळ्या पसरलेल्या. मण्यांतून झिरपलेलं ऊन भिंतीवर लाल तरंगत होतं. हृदयावरच्या ज्वाळांचे पिवळे मणी मी ओवत होते. सवयीनं टोकाला एक काळा घातला.

“हा कशाला?”

“दृष्ट लागू नये म्हणून,” म्हणाले आणि जीभ चावली. गेलेल्या माणसाला कसली दृष्ट? मी तो काढू लागले, तर तिनं हात धरला.

“राहू दे. आई फार सुंदर होती.”

तेव्हा वाटलं, माझं मन राखतेय. आज आईच्या हसऱ्या फोटोकडे पाहिलं आणि हाराच्या टोकाला काळा मणी ओवला.